बाबा, बनियन आणि अटलांटातलं फोटोप्रदर्शन

आधीच कबूल करते, बाबांचा फोटो प्रदर्शनात लागला त्याची सगळी सुरुवात फुकटच्या रविवारापासून झाली. अमेरिकेत, आमच्या अटलांटात हाय म्युझियम म्हणून मोठं आर्ट म्युझियम आहे, तिथे महिन्याच्या दुसऱ्या रविवारी तिकीट नसतं. २०२४ च्या एप्रिलअखेर बाबा आमच्याकडे सहा महिन्यांसाठी आले. पहिल्या दोन आठवड्यांतच कोका-कोलाचं म्युझियम, मत्स्यालय, मंदिर, कॉस्टको सगळं उरकलं आणि आता यांना कुठे न्यायचं हा प्रश्न पडला. मग मेमधल्या दुसऱ्या रविवारी नॉर्थ स्प्रिंग्ज स्टेशनला गाडी लावली, मार्टाच्या, म्हणजे इथल्या मेट्रोच्या, लाल लाइनने आर्ट्स सेंटरला उतरलो, समोरच म्युझियम. बाबांना म्युझियमपेक्षा ट्रेन आवडली. "रिकामी असते गो," म्हणाले, "लालबागचा माणूस हिच्यात हरवेल."

बाबा गिरणी कामगार. साचेखात्यात होते, १९८२ च्या संपापर्यंत. संपाच्या वेळी ते २८ वर्षांचे आणि मी दोन. पुढे वॉचमनकी, मग एका कुरियरवाल्याकडे, मग रिटायर. हे सांगते कारण पुढे येणार आहे.

मला फोटोग्राफीचा नाद दहा वर्षांपासून आहे, पण नाद म्हणजे काय तर मंडळाच्या गणपतीचे फोटो, फॉल कलर्स, लेकीचे डान्सचे फोटो, आणि त्यावर "सुपर्ब क्लिक" अशा कमेंट. त्यात वाईट काही नाही. फक्त त्या रविवारी म्युझियमच्या खालच्या मजल्यावर फोटोंच्या खोलीत उभी होते आणि बाजूला एक बाई एकाच फोटोसमोर इतका वेळ उभी होती की मी सगळी खोली फिरून परत आले तरी ती तिथेच. मला वाटलं हिला बरं वाटत नसावं. विचारलं तर म्हणाली, मी बघतेय.

त्यांच्याकडे एक उपक्रम आहे, पिक्चरिंग द साउथ, १९९६ पासून चालू. म्युझियम एकेका फोटोग्राफरला पैसे देऊन सांगतं की आमच्या दक्षिणेचे, म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांचे फोटो काढा, काय काढायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. सॅली मान यांनी आमच्या जॉर्जिया राज्यातली झाडं आणि जमीन काढली, दवूद बे यांनी शाळेतल्या मुलांचे पोर्ट्रेट काढले, रिचर्ड मिसराक १९९८ मध्ये लुइझियानात गेले आणि बॅटन रूज ते न्यू ऑर्लिन्स या पट्ट्यात नदीकाठी जे केमिकलचे कारखाने आहेत, ज्याला लोक कॅन्सर ॲली, म्हणजे कॅन्सरची गल्ली म्हणतात, ते काढून आणले. ते मिसराकवाले फोटो म्युझियमने २०१२ च्या उन्हाळ्यात परत लावलेले, तेव्हा मी अटलांटात नव्हते. २०२१ च्या शेवटी या उपक्रमाला पंचवीस वर्षं झाली म्हणून मोठं प्रदर्शन झालं. ते मी पाहिलंय, पण लेकीच्या शाळेच्या असाइनमेंटसाठी, चाळीस मिनिटांत, पार्किंगचं मीटर डोक्यात ठेवून.

त्यातले दोघं मला परत परत आठवतात. एक मार्क स्टाइनमेट्झ. त्यांनी काय काढलं तर अटलांटाचा विमानतळ, २०१८ मध्ये ते प्रदर्शन झालं, नाव टर्मिनस. अटलांटाचं सगळ्यात पहिलं नावच टर्मिनस होतं, रेल्वे लाइन इथे संपायची म्हणून. आता बघा, मी त्या विमानतळावर निदान पन्नासदा लोकांना आणायला गेलेय, व्हीलचेअरवरच्या सासूबाई, लोणच्याची बरणी फुटलेली बॅग, झोपलेली पोरं, सगळं पाहिलंय, पण कॅमेरा काढला तो फक्त "वेलकम टू अटलांटा" बोर्डखाली ग्रुप फोटोसाठी. दुसऱ्या शीला प्री ब्राइट, यांनी स्टोन माउंटन काढला. तो अटलांटाजवळचा डोंगर, इथली आपली सगळी मराठी जनता तिथे पोहे-पराठे घेऊन ट्रेकला जाते. डोंगराच्या कातळावर कॉन्फेडरेट, म्हणजे गुलामगिरीसाठी यादवीत लढलेल्या दक्षिणेचे, पुढारी कोरलेत आणि १९१५ मध्ये काळ्यांवर हल्ले करणारी गोऱ्यांची संघटना कू क्लक्स क्लॅन तिथेच परत सुरू झाली, हे मला सात वर्षं तिथे पिकनिक करून झाल्यावर कळलं. त्यांच्या फोटोत बहुतेक नुसती झाडं आणि दगड आहेत, आणि तरी परत तिथे डबा उघडताना मला कसंतरी झालं.

तर त्या रविवारी तिथल्या टेबलावर एका छोट्या गॅलरीचं कार्ड पडलेलं. उन्हाळ्याचं प्रदर्शन, ओपन कॉल, कोणीही फोटो पाठवा, तीन फोटोंना ३५ डॉलर. गॅलरीचं नाव सांगत नाही, कारण पुढे थोडी कुरकूर आहे आणि ती माणसं चांगली आहेत.

ज्यांनी कधी पाठवलं नाही त्यांच्यासाठी सांगते ही भानगड कशी असते. ऑनलाइन फॉर्म असतो, त्यात जेपेग टाकायचं, लांब बाजू किती पिक्सेल ते ठरलेलं, फाइलचं नाव ते सांगतील तसंच ठेवायचं. मग प्रत्येक फोटोचं टायटल, साइज, प्रिंट कशावर, किंमत किती, आणि शंभर शब्दांत स्टेटमेंट. ज्यूरर, म्हणजे फोटो निवडणारा, बाहेरचा असतो, त्याला आपलं नाव दिसत नाही. ३५ डॉलर परत मिळत नाहीत. नवरा म्हणाला म्हणजे लॉटरीच की. हो, पण लॉटरीत शंभर शब्द लिहावे लागत नाहीत.

तीन फोटो पाठवले. दोन कॅबेजटाउनचे, तिसरा बाबांचा.

कॅबेजटाउनबद्दल थांबून सांगावंच लागेल. डाउनटाउनच्या पूर्वेला छोटीशी वस्ती आहे, लाकडी बारकी बारकी घरं, अरुंद गल्ल्या, आणि मध्ये फुल्टन बॅग अँड कॉटन मिल. १८८१ ची गिरणी. ती १९७७ मध्ये बंद पडली आणि आता तिथे लॉफ्ट आहेत, विटांच्या भिंती तशाच ठेवून आत महागडी घरं. वस्ती कोणाची होती तर ॲपलाचियाच्या डोंगरातून शेती सोडून आलेल्या गोऱ्या गरीब लोकांची. म्हणजे कसं, तर आपल्याकडे रत्नागिरी-सिंधुदुर्गातून उठून लोक गिरणगावात आले ना, तस्सं. १९१४ मध्ये तिथे संप झाला, सुमारे वर्षभर चालला आणि कामगार हरले. त्या संपात ओला डिलाइट स्मिथ म्हणून युनियनच्या बाई होत्या, त्यांनी फोटोंचा हत्यारासारखा वापर केला, घरातून सामानासकट बाहेर काढलेली कुटुंबं, गिरणीत कामाला असलेली पोरं, सगळं फोटोत धरलं. मालकाने तिकडून कामगारांमध्ये गुप्तहेर सोडलेले. हे वाचून मी बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, "त्यात काय नवीन?"

आणि गिरणी बंद झाल्यावर तिथे फोटो काढत फिरले ते ओरेन कॅटलेज. सोशल वर्कर, अंध लोकांसाठीच्या संस्थेत काम करायचे, आणि स्वतःची नजर लहानपणापासून खूप अधू. १९८० च्या आसपास सुरू केलं आणि पुढची कित्येक वर्षं त्याच चार गल्ल्यांत जात राहिले. वस्तीतली पोरं त्यांना पिक्चर मॅन म्हणायची. त्यांच्या फोटोत पायरीवर बसलेली माणसं आहेत, उघडी पोरं, सिगरेट ओढणाऱ्या आज्या, कोणी पोझ दिल्यासारखं दिसत नाही आणि तरी सगळे कॅमेऱ्याकडे सरळ बघतात. मला ते बघताना आमच्या चाळीचा जिना आठवला. आमच्या चाळीचे असे फोटो कोणी काढले नाहीत. आमच्याकडे आहेत ते लग्नातले, आणि एक दहावीचा.

बाबांना एका शनिवारी कॅबेजटाउनला घेऊन गेले. गिरणीच्या धुरांड्याखाली उभे राहिले, मान वर करून बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "आत भाडं किती?" मी फोनवर बघून सांगितलं. मग काही बोलले नाहीत, क्रोग स्ट्रीटच्या बोगद्यातली रंगवलेली भिंत बघितली, आइसक्रीम खाल्लं, घरी. त्या दिवशीचे दोन फोटो पाठवले. चांगलेच आले होते, सोनेरी प्रकाश, विटा, धुरांडं.

तिसरा फोटो असा. आमच्या सबडिव्हिजनमध्ये, म्हणजे कॉलनीत, दुपारी चिटपाखरू नसतं. बाबा रोज तीनच्या सुमाराला गॅरेजचं शटर वर करायचे, प्लास्टिकची खुर्ची अगदी तोंडाशी ओढायचे, आणि बनियन-लेंग्यावर रस्त्याकडे बघत बसायचे. रस्त्यावर काय तर ॲमेझॉनची गाडी, एखादा कुत्रा फिरवणारा, बस. इथे आलेल्या कुठल्याही आईबाबांना विचारा, सगळे गॅरेजमध्ये बसतात, ही आपली जागतिक ओसरी आहे. एक दिवस वादळ यायच्या आधी, इथे उन्हाळ्यात दुपारी हटकून येतं तसं, आकाश जांभळं झालेलं आणि गॅरेजमध्ये ट्यूबलाइट, मी गाडीतून उतरताना ते दिसले आणि फोटो काढला. एकच. त्यांनी बघितलंसुद्धा नाही.

स्टेटमेंटमध्ये मी लिहिलं की माझे वडील गिरणीत दुसऱ्या पाळीला होते, दुसरी पाळी तीनला सुरू व्हायची, गिरणी गेली तरी शरीरातलं घड्याळ गेलं नाही, समुद्रापलीकडेही ते तीन वाजता आपल्या पाळीवर हजर होतात. टायटल, सेकंड शिफ्ट. लेकीने वाचून इंग्लिश सरळ केलं, मी घातलेला "लिमिनल" हा जड शब्द काढला ("आई, प्लीज") आणि म्हणाली, पण हे खरंय का? मी म्हटलं, अगं भोंगा झाला की कसे उठायचे माहितीये का. ती म्हणाली, ओके.

जूनअखेर मेल आली. कॅबेजटाउनचे दोन्ही नापास, बाबा पास.

आनंद दोन दिवस टिकला कारण मग प्रिंट आणि फ्रेम. ही या सगळ्या प्रकरणातली सगळ्यात मोठी शाळा, म्हणून सविस्तर. पहिली प्रिंट आली ती काळीठिक्कर. बाबांचं बनियन राखाडी, ट्यूबलाइट मेणबत्तीसारखी. मला वाटलं लॅबने वाट लावली, भांडायच्या तयारीत फोन केला, तर पलीकडच्या मुलाने शांतपणे विचारलं, मॅम, तुमच्या मॉनिटरचा ब्राइटनेस किती आहे? फुल्ल होता. ऑफिसच्या कामासाठी मी तो फुल्लच ठेवते. म्हणजे दहा वर्षं मी पेटलेल्या दिव्याकडे बघून फोटो एडिट करत होते आणि कागद काही पेटत नाही. ब्राइटनेस अर्ध्याच्या खाली आणला, कडेला टेस्ट पट्ट्या मारल्या, आणि तिसऱ्या प्रिंटला बनियन पांढरं झालं. कॉटनचा बिनचकाकीचा कागद घेतला होता, हातात धरला की कापडासारखा लागतो. बाबांनी बोटांत चोळून बघितला आणि म्हणाले, "सूत बरंय."

फ्रेमचे नियम असे, काच नको, प्लेक्सी (काचेसारखं प्लास्टिक) लावा, मागे तार हवी, दातेरी हुक चालणार नाही, पांढरा मॅट (फोटोभोवतीची पुठ्ठ्याची चौकट), साधी काळी किंवा लाकडी फ्रेम. बाहेर फ्रेम करायचा भाव ऐकून मी घरीच करायचं ठरवलं. मॅट कापून आणला, प्रिंट मागून चारी बाजूंनी टेपने घट्ट चिकटवली, एकदम ताठ, मला फार अभिमान वाटला. फ्रेम रात्रभर गॅरेजमध्ये ठेवली, सकाळी गाडीत टाकायला सोपी म्हणून. जुलैतलं अटलांटाचं गॅरेज! सकाळी बघते तर फोटोला लाटा. बाबांच्या डोक्यावरचं आकाश कोकणातल्या पत्र्यासारखं झालेलं. कागद दमट हवेत वाढतो, त्याला वाढायला जागा लागते, म्हणून फक्त वरच्या कडेला टेपच्या दोन बिजागऱ्या लावायच्या आणि बाकी मोकळा लोंबू द्यायचा. हे मला फ्रेमच्या दुकानातल्या आजींनी सांगितलं, मी तोंड पाडून गेले तेव्हा. "हनी, तू त्याचा श्वास कोंडलास," म्हणाल्या. इथल्या आज्या सगळ्यांना हनी म्हणतात पण मला ते माझ्यासाठीच वाटलं. परत प्रिंट, परत पैसे. एकूण खर्च विचारू नका, नवऱ्यालाही पूर्ण आकडा माहीत नाही.

आणि कुरकूर ती ही. फोटो नेऊन द्यायची वेळ गुरुवार-शुक्रवार अकरा ते चार. नोकरी करणाऱ्या माणसाने काय करायचं? शिवाय फोटो विकला तर गॅलरीचं कमिशन चाळीस टक्के. कमिशनचं मला पुढे पटलं, भाडं, वीज, भिंतीचा रंग, सगळं त्यातूनच जातं, पण अकरा ते चारचं अजून पटलेलं नाही. अर्धी रजा टाकली आणि ४०० हायवेवर वादळात अडकून पावणेचारला पोचले.

मधल्या काळात जुलैच्या दुसऱ्या रविवारी परत हाय म्युझियमला गेलो, तेव्हा टायलर मिचेलचं प्रदर्शन लागलेलं, आयडिलिक स्पेस. हा मुलगा इथलाच, मॅरिएटात वाढलेला, १९९५ चा जन्म, २०१८ मध्ये अमेरिकन व्होग या फॅशन मासिकाच्या कव्हरसाठी गायिका बियॉन्सेचा फोटो काढला आणि ते कव्हर काढणारा पहिला कृष्णवर्णीय फोटोग्राफर ठरला. त्याच्या फोटोत काळी तरुण मुलंमुली काय करतात तर काही नाही. नदीकाठी बसतात, झोके घेतात, गवतात लोळतात. रंग असे की सरबत प्यावंसं वाटतं. आधी मला वाटलं, छान आहेत पण यात काय विशेष? मग याच म्युझियममध्ये मी काळ्यांच्या नागरी हक्क चळवळीचे फोटो पाहिलेत ते आठवले, कुत्रे अंगावर सोडलेले, पाण्याचे फवारे, आणि लक्षात आलं की याच हवेत, याच झाडांखाली नुसतं निवांत बसणं हीच इथे बातमी आहे. बाबांनी त्या नदीकाठच्या फोटोकडे बघून विचारलं, "ही पोरं सुट्टीवर आहेत काय?" मी म्हटलं हो, तसंच समजा. "मग बरंय."

त्या उन्हाळ्यात मी चार आर्टिस्ट टॉक ऐकले, त्यातले तीन आपल्यालाही बोलावं लागणार या भीतीने. पुण्याला मावशीकडे असताना वसंत व्याख्यानमालेला जायचे, त्याची आठवण झाली, उन्हाळा तोच, पंखे तेच, आणि प्रश्न विचारायला उठून स्वतःचं आत्मचरित्र सांगणारे काकाही तेच, फक्त इथे त्यांच्या हातात वाइनचा प्लास्टिकचा ग्लास. जे चांगले बोलायचे ते एका फोटोवर दहा मिनिटं बोलायचे आणि बहुतेक वेळ काय चुकलं ते सांगायचे. जे कंटाळवाणे ते प्रत्येक फोटोचा अर्थ सांगायचे. एका टॉकमध्ये सदर्न, म्हणजे दक्षिणेचा, फोटोग्राफर म्हणजे कोण यावर तासभर वाद झाला. इथे जन्मलेला का, इथे राहणारा का, दुसरीकडून येऊन फोटो काढून गेलेल्याचं काय, १९३६ मध्ये फोटोग्राफर वॉकर इव्हान्सने अटलांटातली जुनी घरं आणि त्यांच्यासमोरची सिनेमाची पोस्टरं काढली ती सदर्न का नाहीत वगैरे. मी मागे बसून मनात म्हणत होते, बाबांनो, दख्खन शब्दच मुळी दक्षिणेवरून आलाय, दिल्लीवाल्यांच्या हिशेबात आम्ही कित्येक शतकं साउथवालेच आहोत. पण बोलले नाही.

ऑगस्टमध्ये आमचं प्रदर्शन लागलं. तिकडे लावतात कसं तेही मजेशीर आहे, फोटोचा मध्य जमिनीपासून साधारण ५८ इंचांवर, फ्रेम लहान असो की मोठी, मध्य तोच. त्यामुळे सगळी भिंत एका नजरेत येते. माझ्या घरी सगळे फोटो मी सहा फुटी नवऱ्याच्या हिशेबाने ठोकलेत हे तेव्हा कळलं. ओपनिंगला चीज, द्राक्षं, आणि माझे ऑफिसवाले तिघं. बाबा शर्ट-पँट घालून आले, इस्त्री स्वतः केलेली. भिंतीवर स्वतःला बघितलं आणि पहिला शब्द, "बनियनवर?" मग माझ्याकडे न बघता, "सांगायचं तरी गो बाय. शर्ट घातला असता."

मी हसण्यावारी नेलं.

आर्टिस्ट टॉक दुसऱ्या शनिवारी. सहाजणांना पाच-पाच मिनिटं. माझा नंबर चौथा. खुर्च्या तीसेक, भरलेल्या, एसी दमलेला. बाबा आणि लेक दुसऱ्या रांगेत. मी पाठ करून गेले होते. भोंगा, तीनची पाळी, शरीरातलं घड्याळ, फुल्टन मिल आणि गिरणगाव, दोन्हीकडे आता लॉफ्ट आणि टॉवर. लोक माना डोलावत होते, एकीने डोळे पुसले असं मला वाटलं, कदाचित घाम असेल. शेवटी प्रश्न. पहिला प्रश्न लेन्सचा. दुसरा एका म्हाताऱ्या गृहस्थांचा, अगदी हळू आवाजात, की फोटो काढताना तुम्ही त्यांना विचारलंत का? मी म्हटलं नाही, पण ते माझे वडील आहेत आणि ते इथेच बसलेत. तर म्हणाले, अरे वा, मग आपण त्यांनाच विचारू या की, सर, तीन वाजता तिथे बसल्यावर तुमच्या मनात काय येतं?

मी मराठीत विचारलं. बाबा उठून उभे राहिले, शाळेत उठतात तसे.

"काय येणार? तुमच्या त्या एसीनं गुडघे धरतात. म्हणून बाहेर बसतो. दुपारी हिची मीटिंग असते, आत मोठ्यानं बोलता येत नाही, टीव्ही लावता येत नाही. बाहेर वायफाय पण येतो."

मी थांबले. लेक माझ्याकडे बघत होती. तिला मराठी सगळं कळतं, त्यामुळे पळवाट नव्हती. मी म्हटलं, तरी पण बाबा, पाळी तीनची होती ना? तर म्हणाले, "ती पाळी मला कधीच आवडली नाही. नेहमी बदलून मागायचो. रात्री बारा वाजता घरी येऊन कोण खूश असतं?"

आणि हे सगळं मला माईकवर इंग्लिशमध्ये सांगावं लागलं. माझ्याच तोंडाने. भिंतीवर माझ्या स्टेटमेंटचा कागद चिकटवलेला, त्याच्या शेजारी उभं राहून. क्षणभर शांतता आणि मग सगळी खोली हसली, वाईट नाही, प्रेमाने, बाबाही हसले, त्यांना वाटलं आपण काहीतरी चांगलं बोललो. त्या गृहस्थांनी विचारलं, आता स्टेटमेंट बदलणार का? मी म्हटलं, माहीत नाही. खरं सांगायचं तर त्या संपूर्ण उन्हाळ्यात मी केलेलं हे एकच प्रामाणिक विधान.

गाडीत मी गप्प. मला अपमान झाल्यासारखं वाटत होतं आणि कोणी केला ते सापडत नव्हतं. बाबांच्या गुडघ्यांचं मला चार महिन्यांत कळलं नव्हतं. एसीचा थर्मोस्टॅट ६९ फॅरेनहाइटवर, म्हणजे साधारण २१ सेल्सिअसवर असायचा. इथले लोक काय म्हणतील, भोंग्याची गोष्ट किती छान वाटेल, याचा विचार केला, आणि खुर्चीत बसलेल्या माणसाला विचारलं नाही, दार उघडून चार पावलांवर तर होता. घरी आल्यावर सोमवारी गॅलरीला मेल केली की स्टेटमेंटमधलं घड्याळाचं वाक्य काढा. त्यांनी सगळा कागदच काढला आणि नुसतं टायटलचं लेबल ठेवलं. थर्मोस्टॅट ७६ वर केला, आता नवरा बनियनवर असतो.

फोटो विकला गेला नाही. एका बाईने किंमत विचारली, मी २५० लावलेली, ती म्हणाली विचार करते. प्रदर्शन संपल्यावर फ्रेम आणायला परत अकरा ते चार, परत अर्धी रजा. बाबांना म्हटलं हा तुम्ही मुंबईला न्या. साफ नाही म्हणाले. चाळीतले काय म्हणतील, अमेरिकेला जाऊन पोरीने बापाला बनियनवर बसवला.

मग ऑक्टोबरमध्ये निघायच्या आधी त्यांनी स्वतः सांगितलं तसा एक फोटो काढला. इस्त्रीचा निळा शर्ट, पँट, हात सरळ, नजर समोर, मागे माझी गाडी आणि तिची नंबर प्लेट दिसलीच पाहिजे. गॅरेजचं शटर बंद. पासपोर्टला लावावा असा फोटो. तीनदा काढायला लावला, प्रत्येक वेळी मागून बघून पसंत-नापसंत. त्याची प्रिंट मी त्याच कॉटनच्या कागदावर काढून दिली, ब्राइटनेस बघून. फ्रेम मात्र त्यांनी लालबागला स्वतः केली, नाक्यावरच्या माणसाकडून, काच, सोनेरी काठ, आणि मागून चारी बाजूंनी टेप. मी फोनवर बिजागऱ्यांचं सांगत होते तर म्हणाले, तो चाळीस वर्षं देवांचे फोटो मढवतोय, त्याला नको शिकवू.

यंदा जूनमध्ये व्हिडिओ कॉलवर दाखवला. टीव्हीच्या वर लावलाय. पावसाने लाटा आल्यात, गाडीची नंबर प्लेट वाकडी झालीये, बाकी शर्ट ठीक आहे.